खारेपणाचा आकडा दर रविवारी वेगळा का येतो

टाकीच्या पाण्याचा खारेपणा गेल्या रविवारी ३५ पीपीटी (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) आला होता, आज ३३ येतोय. मधल्या सात दिवसांत टाकीला कोणी हात लावलेला नाही, आटलेल्या पाण्याच्या जागी तेवढं गोडं पाणी घातलंय. दुकानात नमुना नेला तर तिथे १.०२७, म्हणजे घनतेचा आकडा. मैत्रिणीच्या खारेपणा मोजणाऱ्या डिजिटल पेनवर आणखी तिसरंच काहीतरी. मग आपण अंदाजाने थोडं मीठ वाढवतो, पुढच्या रविवारी आकडा पुन्हा हलतो, पुन्हा काहीतरी घालतो. घरी मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी ठेवणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी केलेलं आहे.

माझी टाकी मुलुंडला, सम्प (पाणी गाळायची जोडटाकी) धरून २०० लिटरची. दोन क्लाऊनफिश, थोडे झोअँथिड (प्रवाळासारखे छोटे जीव), काच साफ ठेवणाऱ्या गोगलगायी आणि मधोमध एक मोठं लेदर कोरल (मऊ प्रवाळ). एप्रिलमध्ये दर रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर, हॉलमध्ये उभी राहून मी रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा दाखवणाऱ्या हातातल्या नळीने, मोजायचे. आकडा ३३ आला म्हणून चार दिवस गोड्या पाण्याऐवजी खारं पाणी घातलं. पुढच्या रविवारी ३३.५. पुन्हा तेच केलं. सहा आठवड्यांनी आकडा एकदाचा ३५ वर आला आणि त्याच आठवड्यात लेदर मिटलं. लेदर अधूनमधून मिटतंच, अंगावरची पातळ साय टाकायला दोन-चार दिवस घेतं, म्हणून सुरुवातीला काळजी वाटली नाही. पण दहाव्या दिवशीही ते मिटलेलंच होतं आणि गोगलगायी काच सोडून वाळूत पडून राहायला लागल्या. दोन दगावल्या. त्यांचं मला अजून वाईट वाटतं, कारण पाणी चांगलं होतं, ते मी बिघडवलं. प्रत्यक्षात खारेपणा साडेसदतीसच्या आसपास गेला होता आणि माझं यंत्र त्यालाच ३५ म्हणत होतं.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: आकड्याची खात्री होईपर्यंत टाकीत काहीही घालू नका. नेहमीचं गोडं पाणी खुणेपर्यंत भरत राहा, बाकी हात आवरा. ३३ असो की ३६, त्याने दोन दिवसांत काही बिघडत नाही. चुकीच्या आकड्यामागे धावल्याने मात्र बिघडतं.

३५ चं माप

रिफ्रॅक्टोमीटरबरोबर येणाऱ्या कागदावर लिहिलेलं असतं की साध्या पाण्याचे दोन थेंब टाका, स्क्रू फिरवून रेघ शून्यावर आणा, झालं. मीही इतकंच करत होते. पण शून्यावर बरोबर असलेलं यंत्र ३५ वर बरोबर असेलच असं नाही. रिकामा काटा शून्य दाखवतो म्हणून किलोचं वजन त्यावर किलोच भरेल असं कोणी धरून चालत नाही, वजन ठेवून बघावंच लागतं. आपल्याला ३५ मोजायचं आहे, तर ३५ चं माप हवं.

दुसरी अडचण अशी की बाजारात मिळणारे हातातले बरेच रिफ्रॅक्टोमीटर मुळात निव्वळ मिठाच्या पाण्यासाठी, म्हणजे सोडियम क्लोराइडसाठी आखलेले असतात. समुद्राच्या पाण्यात मीठ मुख्य असलं तरी किलोमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट, १.३ ग्रॅम मॅग्नेशियम, ०.४ ग्रॅम कॅल्शियम असतं आणि प्रत्येक जण प्रकाश आपापल्या परीने वाकवतो. त्यामुळे मिठासाठी आखलेल्या स्केलवर ३५ पीपीटीचं समुद्राचं पाणी सुमारे ३६.५ दाखवतं. अशा यंत्रावर तुम्ही ३५ राखत बसलात, तर टाकी साडेतेहतीसच्या आसपासच राहते. यंत्रात बिघाड नाही, ते आपलं काम चोख करतंय, फक्त त्याची आखणी दुसऱ्या पाण्यासाठी आहे.

हाच ३६.५ उलट्या बाजूने कामाला येतो. ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम पाणी यांचं द्रावण प्रकाश तेवढाच वाकवतं, जेवढा ३५ पीपीटीचं समुद्राचं पाणी वाकवतं. अमेरिकेतले रसायनतज्ज्ञ रँडी होम्स-फार्ली यांच्या लेखांमुळे ही कृती जगभरच्या रीफवाल्यांपर्यंत, म्हणजे प्रवाळाची टाकी ठेवणाऱ्यांपर्यंत, पोचली. घरच्या काट्यावर अर्धा ग्रॅम दिसत नसेल तर सरळ दुप्पट करा: ७३ ग्रॅम मीठ, १,९२७ ग्रॅम पाणी. पाणीसुद्धा वजनानेच घ्या, मापाच्या कपाने नको. साधं बारीक आयोडीनयुक्त मीठ चालतं, आयोडीन त्यात नावापुरतंच असतं. सैंधव, काळं मीठ किंवा खडेमीठ मात्र नको. पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं घ्या. त्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ८० असला तरी लिटरमागे ते ०.०८ ग्रॅम होतात, इथे त्याचा हिशोब धरायची गरज नाही. टाकीत रोज भरायच्या पाण्याची गोष्ट वेगळी, तिथे हेच क्षार साठत जातात.

माझं पहिलं द्रावण फसलं. जूनचा पहिला आठवडा, पाऊस आलेला नव्हता पण हवा नुसती दमट. मी काटा ओट्यावर ठेवला, रोजच्या बरणीतलं मीठ काढलं आणि मोजायला लागले. चमच्याला मीठ चिकटत होतं. सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, या मिठाला पाणी सुटलंय. वजन खरं कसं येईल?” आमच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकलेले असतात ते याचसाठी, आणि तेच माझ्या ध्यानात आलं नाही. ३६.५ ग्रॅम मिठात दीड ग्रॅम पाणी असेल, तर द्रावण ३५ ऐवजी ३३.६ चं होतं आणि त्यावर जुळवलेलं यंत्र पुढे प्रत्येक वेळी दीडने जास्त दाखवतं. मग दाणे वेचून मीठ तव्यावर घेतलं, मंद आचेवर दहा मिनिटं परतलं. सुरुवातीला चिकट गोळे होत होते, नंतर ते वाळूसारखं मोकळं सळसळायला लागलं. झाकणाच्या डब्यात गार केलं आणि लगेच तोललं. दोन्ही द्रावणं एकापाठोपाठ यंत्रावर बघितली तर दमट मिठाचं ३१ आणि कोरड्याचं ३२.५. दोन्ही ३५ हून कमी, म्हणजे यंत्र चुकत होतंच, पण पहिल्या द्रावणावर विश्वास ठेवला असता तर टाकी ३९ ला गेली असं समजून मी भलतंच गोडं पाणी ओतलं असतं.

द्रावण घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि तारीख लिहा. झाकण सैल राहिलं की पाणी उडतं आणि माप नकळत वाढतं. तयार कॅलिब्रेशनचं पाणी विकत आणलंत तर लेबल नीट वाचा. त्यावर फक्त ५३ मिलीसीमेन्स लिहिलं असेल तर ते वीजवाहकता मोजणाऱ्या मीटरसाठी आहे, रिफ्रॅक्टोमीटरला ते लावू नका. तसंच वरचं मिठाचं द्रावण मीटरला किंवा तरंगत्या हायड्रोमीटरला चालत नाही. हायड्रोमीटर घनता बघतो आणि ३५ च्या घनतेशी जुळायला किलोभर द्रावणात ३७.१ ग्रॅम मीठ लागतं. फरक अर्ध्या ग्रॅमचा दिसतो, पण आपण त्याच अर्ध्यासाठी भांडतोय.

मुंबईची दुपार

यंत्राच्या नळीवर एटीसी असं छापलेलं असतं, म्हणजे तापमानाची भरपाई ते आपली आपण करतं. आत दोन धातूंची पट्टी असते, ती उष्णतेने वाकते आणि रेघ जागेवर धरते. पण ही सोय साधारण १० ते ३० अंशांपर्यंतचीच असते. बाहेरच्या देशातल्या घरांना ते पुरतं. मेमध्ये दुपारी आमच्या पश्चिमेकडच्या हॉलमध्ये ३४ अंश असतात.

इथे एक गैरसमज काढायला हवा. टाकीचं पाणी २६ अंशांवर आहे, म्हणजे सगळं ठीक, असं वाटतं. पण प्रिझमवर, म्हणजे यंत्राच्या तोंडाच्या काचेवर, पडलेला थेंब इवलासा, तो अर्ध्या मिनिटात यंत्राच्या तापमानाला येतो. महत्त्व यंत्र कुठे ठेवलं होतं याला आहे. पाणी तापलं की ते प्रकाश कमी वाकवतं आणि रेघ खाली सरकते. भरपाई न झालेल्या प्रत्येक अंशामागे अर्ध्या पीपीटीहून थोडं जास्तच. मी शून्य लावलं होतं ते रात्री, एसी चालू असलेल्या बेडरूममध्ये, आणि मोजत होते दुपारी हॉलमध्ये. संशय आल्यावर हॉलमध्येच आरओच्या पाण्याचे थेंब टाकून बघितले, तर रेघ शून्याच्या खाली, स्केलच्या बाहेर गेलेली. डोळ्यासमोर फक्त रेघेच्या वरचं निळं. तोच थेंब रात्री बेडरूममध्ये शून्यावर नेमका बसत होता. सहा आठवडे मी टाकीचा खारेपणा मोजतेय असं समजत होते आणि मोजत होते हॉलचा उन्हाळा.

उपाय साधा आहे. सकाळी सात-साडेसातला मोजा. मुंबईत मेमध्येही पहाटेचं तापमान २७-२८ अंशांच्या आसपास असतं, त्या वेळी यंत्र आपल्या मर्यादेत राहतं. यंत्र आणि द्रावणाची बाटली रात्रभर एकाच जागी, शेजारी शेजारी ठेवा, खिडकीत किंवा टाकीच्या दिव्याखाली नको. आधी द्रावणाचे थेंब टाका, रेघ ३५ वर आणा, प्रिझम पुसा आणि लगेच टाकीचं पाणी बघा. दोन्ही एकाच तापमानाला मोजल्यामुळे चूक राहिली तरी दोन्हीकडे सारखी असते आणि वजा होते. हे एवढं केल्यावर माझ्या टाकीचा आकडा तीन आठवडे एकाच रेघेवर राहिला.

थेंबाचंही जरा सांगते. प्रिझमवर आधीचा थेंब वाळून राहिलेलं मीठ असेल तर ते नव्या थेंबात विरघळतं आणि आकडा चढतो. ड्रॉपरच्या टोकालाही हेच होतं, त्यामुळे तो टाकीच्या पाण्याने दोनदा धुऊन घ्या. दोन-तीन थेंब टाकून झाकण लगेच मिटा, उघडं ठेवून पंख्याखाली बोलत उभं राहिलं की थेंब आटायला लागतो. झाकणाखाली बुडबुडा दिसला तर पुसून पुन्हा. मिटल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि उजेडाकडे धरून बघा. रेघ स्पष्ट नसेल, धुरकट असेल, तर प्रिझमला तेलकट बोट लागलेलं असतं. तीन वेळा मोजून तिन्ही आकडे एका पीपीटीच्या आत येत नसतील, तर यंत्राला दोष देण्याआधी हात बघा. काम झाल्यावर आरओच्या पाण्याने ओल्या केलेल्या मऊ कापडाने पुसा, नळाखाली धरू नका, पाणी आत शिरतं. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा.

नमुना कुठून घेतला हेही बघा. आत्ताच गोडं पाणी ओतलं असेल तर ते काही वेळ वरच तरंगतं. टाकीच्या मधल्या भागातून, पंप चालू असताना, भरणी करून तासभर झाल्यावर घ्या.

तुमच्याकडे हायड्रोमीटर किंवा पेन असेल तर

काट्याचा प्लॅस्टिक हायड्रोमीटर स्वस्त, म्हणून बहुतेक जण त्यानेच सुरुवात करतात, आणि दुकानांतही तोच असतो. काट्याला बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि आकडा जास्त येतो. काट्यावर चुन्याचा थर बसला की तो जड होतो, खाली राहतो आणि आकडा कमी येतो. हा दुसरा प्रकार घातक, कारण तो हळूहळू होतो आणि आपल्याला मीठ वाढवायला लावतो. नवा आणला तर दिवसभर पाण्यात भिजवा, प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवा, महिन्यातून एकदा अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा आणि मोजताना सपाट ओट्यावर ठेवून हलकेच टिचकी मारा. आकडा रोज बघायला तो बरा, पण टाकी दुरुस्त करायचा निर्णय मी त्याच्यावर घेणार नाही.

काचेचा तरंगता हायड्रोमीटर मात्र उत्तम, जर त्यावरचं तापमान वाचलंत तर. काही २५ अंशांसाठी आखलेले असतात, काही ६० फॅरनहाइटसाठी, म्हणजे साधारण १५.५ अंश सेल्सियस. दुसरा प्रकार २७ अंशांच्या टाकीत सोडला, तर ३५ पीपीटीच्या पाण्यात तो १.०२६ ऐवजी १.०२४ च्या आसपास उभा राहतो. तो आकडा १.०२६ वर आणायला गेलात की टाकी ३८ ला पोचते. आकडा वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत आणा आणि काचेला चढलेली कड सोडून सपाट पातळी धरा.

पेन वीजवाहकता मोजतं. समुद्रशास्त्रज्ञांची १९७८ ची क्षारतेची व्याख्याही वीजवाहकतेवरच आधारलेली आहे, तेव्हा पद्धतीत खोट नाही. ३५ पीपीटीचं पाणी २५ अंशांना सुमारे ५३ मिलीसीमेन्स दाखवतं. पेन चुकतं ते दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये अडकलेल्या बुडबुड्यामुळे किंवा त्यांच्यावर बसलेल्या थरामुळे. बुडवल्यावर हलवा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, महिन्यातून एकदा ५३ च्या द्रावणात तपासा.

यंत्र खरं बोलतंय, तरी आकडा हलतोय

मग खरंच टाकीत काहीतरी होतंय. उन्हाळ्यात पाणी थंड ठेवायला पंखा लावतो तेव्हा आटणं भराभर वाढतं. २०० लिटरमधलं १० लिटर पाणी गेलं की मीठ तेवढंच राहून ३५ चं जवळजवळ ३६.८ होतं. सम्पवर खूण करा आणि रोज तिथपर्यंत भरा, आठवड्यातून एकदा बादली ओतू नका.

आकडा हळूहळू उतरत असेल तर स्किमरचा (फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) कप बघा. तो पातळ, चहाच्या पाण्यासारखा फेस काढत असेल तर ते खारंच पाणी बाहेर जातंय आणि त्याची जागा गोडं पाणी घेतंय. रोज अर्धा लिटर गेलं तरी महिन्याभरात २०० लिटरच्या टाकीत ३५ चं ३२.५ होतं. कपात जमलेलं पाणी मोजा आणि तेवढं खारं पाणी परत घाला, किंवा स्किमर जरा कोरडा चालवा.

सॉल्ट मिक्सचं, म्हणजे टाकीचं खारं पाणी बनवायच्या तयार मिठाचं, पोतंही पावसाळ्यात दमट होतं, गुठळ्या होतात आणि ठरलेल्या वजनात मीठ कमी भरतं. हवाबंद डब्यात ओतून ठेवा. पाणी बनवताना पंप लावून रात्रभर फिरवा, तळाशी मीठ बसलेलं असताना मोजलंत तर आकडा कमीच येणार. वॉटर चेंजच्या आधी त्या बादलीतलं पाणीही यंत्रावर बघा. काही जण किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी आणतात. पावसाळ्यात मुंबईचा किनारा नद्या, नाले, खाड्यांच्या पाण्याने पातळ होतो, त्याला ३५ समजू नका, आणि त्याबरोबर काय काय वाहून येतं हे तर आपण सगळे बघतोच.

दुरुस्ती करताना घाई नको. माझ्या २०० लिटरला साडेसदतीसवरून ३५ वर आणायला सव्वातेरा लिटर टाकीचं पाणी काढून तेवढंच गोडं घालायचं होतं. ते मी पाच दिवसांत केलं, रोज साधारण पावणेतीन लिटर, सम्पमध्ये बारीक धारेने. म्हणजे दिवसाला अर्धा पीपीटी. दिवसाला एक पीपीटीच्या पुढे जाऊ नका. खारेपणा वाढवायचा असेल तर आणखी सावकाश: कोरडं मीठ टाकीत कधीच नको, आटलेल्या पाण्याच्या जागी ३५ चं खारं पाणी घाला आणि रोज सकाळी बघा. निव्वळ माशांची टाकी असेल तर १.०२० ते १.०२५ मध्ये कुठेही चालतं, पण तिथेही एका जागी स्थिर ठेवा.

लेदर चौथ्या दिवशी कडेने थोडं फुललं, नवव्या दिवशी पूर्ण. उरलेल्या गोगलगायी काचेवर परतल्या. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, चहाच्या आधी, द्रावणाची बाटली आणि यंत्र काढते आणि वहीत तीन आकडे लिहिते: खोलीचं तापमान, द्रावणाचा आकडा, टाकीचा आकडा. पहिले दोन लिहिल्याशिवाय तिसरा लिहीत नाही. बाटली दर तीन महिन्यांनी नवी भरते, आणि पावसाळ्यातली असेल तर मीठ आधी तव्यावर.